आदी टँकर, मग अंगठा

न्हाई न्हाई, चुकलं न्हाई तुमचं, भाऊसाहेब—नवीन ग्रामसेवक हायसा, हंडा उचलताना बघितलंसा, आन पानी मागितलंसा. घ्या की. मेंबरच्या हातचं हाय! व्हय, मीच धोंडुबाई, पंचायतीची मेंबर—बाईमानूस, त्यात धनगराची, म्हनून मिटिंगीला मी हितं उंबऱ्यापाशी. कागदावर समद्यांच्या सह्या झाल्या, माझाच अंगठा ऱ्हायलाय? मग वाचा की. मोठ्यानं वाचा.

थांबा थांबा—‘सरपंच लालासाहेब यांनी दुष्काळात स्वतः विहिरीवर उभे राहून पाणी वाटले’? आगं बया! आलं व्हतं, खरं हाय—कवठ्याचा फोटोवाला आला त्या दिशी. इस्त्रीचं धोतर, डोईला कोरा पटका, दोरी धरली, फोटू निघाला, दोरी माझ्या हातात दिऊन गेलं. टँकर विहिरीत रिकामा झाल्यावर चार म्हैनं कोन वढतंय पानी? समद्या गावाच्या घागरी भरल्या, की शेवटाला माझा हंडा. त्याला कुनी सेवा म्हनलं न्हाई—धोंडीला सवयच हाय म्हनत्यात, धनगराच्या बाईला कसली दमनूक! आन सरपंचानं घटकाभर दोरी धरली, की लगी आदर्श सेवक, जिल्ह्याचं बक्षीस. लय कवतिक बाई!

काय म्हनता? मागल्या ठरावाला न वाचताच दिला व्हता अंगठा? … व्हय. दिला. च्या देत व्हते, म्हनलं जानती मानसं हायती, इचारायचं कशाला. मागनं कळलं—धनगरवाड्याची टँकरची खेप बंद! का, तर वाड्यावर मानसंच न्हाईत, मेंढरं घिऊन नदीकाठाला गेल्याती. आवं, मेंढरांमागं गडी जात्यात—म्हाताऱ्या, बाळंतिनी कुटं जात्याल? माझी सासू, बनाबाई, वाड्यावरच हाय. दोन मैल हंडा नेते, तर तोंड फिरवती. ‘तूच पानी तोडलंस’ म्हनती, माझ्या हातचा घोट घेत न्हाई … जाऊ द्या. तुमास्नी कशाला सांगतीया मी.

मेंबरकीवरनं काढत्याल? काढू द्या की. मग उद्यापास्नं दोरी कोन वढनार, त्येबी लिवा त्या कागदात. न्हाई, राग न्हाई माझा—सेवक म्हना, देव म्हना, मी अंगठा देते. पर आदी वाड्यावर टँकर रिकामा करा. मग ह्यो कागद घिऊन तितंच या, सरपंचास्नी बी आना, आन समद्या म्हाताऱ्यांदेखत असाच मोठ्यानं वाचा. त्या व्हय म्हनल्या तर हिथला अंगठा तितं.

का वो? परत डबी फुडं का सरकवतासा?

मिटा ती शाईची डबी. आन उठा आता, भाऊसाहेब—मला झाडायचंय हितं.