मूर्तीच्या पाठीवरची फ्रेज

चहा घ्या, सांगतो. नात इंग्रजी शिकायला रोह्याला गेली आणि हमरापूरचा आमचा गणपतीचा कारखाना मुका झाला. मग मी रोज संध्याकाळी फोन लावायचो, "सोनू, फ्रेज म्हंजे काय गो?"

ती बिचारी माझ्यासारख्या चौथी नापास आजाला नाउन फ्रेज, व्हर्ब फ्रेज समजवायची. "आबा, समजलं?"

"नाय गो. उद्या परत सांग."

सुट्टीत आली. कच्च्या मूर्तीच्या पाठीवर आम्ही पेन्सिलीनं गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. तिनं एक फिरवून माझं अक्षर वाचलं : 'माय नात फ्रॉम रोहा – नाउन फ्रेज.'

"आबा! तुला सगळं येतं?"

"येतं बोललो असतो, तर तू फोन ठेवला असतास."

मूर्ती जागेवर ठेवत म्हणाली, "सोमवारपासून फोनवर क्लॉज शिकवते. वर्षभर समजू नकोस."