येसूचं गाऱ्हाणं

आम्ही मूळचे कुडाळकडचे, आजा सुतार, बाप सुतार, मीही सुतार, फक्त आमच्या घराण्यात रंधा चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं, हे आधीच लिहून घ्या. घाटकोपरला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता मिशीतलं पांढरं शोधावं लागत नाही. दिवसा मुलुंडच्या वखारीत दाराच्या चौकटी करायच्या आणि जत्रांच्या दिवसांत गावी जाऊन दशावतारात राक्षस व्हायचं. काय सांगू तुम्हाला, माझी आरोळी ऐकून एकदा गावकाराच्या हातातला चहा सांडला होता!

धाकटी बहीण येसू माझ्याच वळणावर गेलेली. कुणाचं चालणं, कुणाचं खोकणं, नक्कल हुबेहूब. तिचं लग्न भिकाजीरावांशी लावलं. गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम, राहायला आमच्याच घाटकोपरात, रस्त्यापलीकडच्या चाळीत. माणूस सोन्यासारखा, पण बोलताना अडखळायचे. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथेच बसून राहायचा.

तर गणपतीच्या आधी एका दुपारी येसू ट्रंक घेऊन दारात. दादा, मी आता तिकडे जायची नाय, सोडचिठ्ठी घेऊन टाक. झालं, आमच्या चाळीचं कोर्ट बसलं. खालचे मास्तर म्हणाले पंच बोलवा, कुणी म्हणालं हात धरून परत पोचवा, आणि मी बाह्या सरसावल्या, राक्षस गळ्यापर्यंत आलेला, निघालोच होतो मेहुण्याला दम द्यायला. तर आमची मंडळी, सरजा, दारात आडवी. खंय चाललात? राक्षसाचा काम गावाक करा. आधी तिका विचारा काय झाला ता, आणि गप बसून ऐका.

गप बसायचं काम मला आजवर कुणी दिलंच नव्हतं हो! पण बसलो. सरजाने येसूपुढे नारळ आणि खवणी ठेवली, आणि खवता खवता ती बोलायला लागली. मारत नाय, पीत नाय, पण पाडव्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाय. पाणी हवं तरी शेजारच्या म्हातारीला खूण करतो. मी काय भिंतीशी संसार करू? मी विचारलं, का गं बोलत नाही? तशी खवणी थांबली. नळावर बायकांना हसवायला तिने नवऱ्याच्या बोलण्याची नक्कल केली होती, आणि बायका अचानक हसायच्या थांबल्या म्हणून मागे बघते तर भिकाजीराव बादली घेऊन उभे.

मला शंभर गोष्टी बोलायच्या होत्या. सरजाने असा चिमटा काढला की शंभरच्या शंभर गिळल्या.

आता भिकाजीरावांना गणपतीचं बोलावणं करायचं की नाही? मास्तर म्हणाले, मुळीच नको. सरजा म्हणाली, येसूचा काय होयत ता होयत, आमचे भावजी आमचेच. मग मी गेलो आणि सांगितलं, भिकाजीराव, भांडायला आलो नाही, समजूत घालायलाही नाही, नेहमीसारखं जेवायला या. त्यांनी पाट पुढे केला आणि स्टोव्ह पेटवला. चहा प्यालो, आलो.

आणि आले हो ते! आमच्याकडे गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे घरचा कर्ता देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि दर वाक्याला बाकीचे म्हणतात, व्हय म्हाराजा. सवयच ती, छप्पर पेटलंय म्हटलं तरी व्हय म्हाराजा म्हणतील. गंमत अशी की सगळ्यांबरोबर म्हणताना भिकाजीराव कधी अडखळत नसत. तर मी सुरुवात केली, लेकराबाळांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा, आणि मागून आवाज आला, दादा, थांब. येसू पुढे! बायका गाऱ्हाणं घालत नाहीत आमच्यात, मास्तरांच्या भुवया टोपीला टेकल्या.

बा गणराया, माझी जीभ लांब. व्हय म्हाराजा! अख्खी खोली इतक्या जोरात म्हणाली की तिला जरा रागच आला. चार बायकांनी हसावं म्हणून मी माझ्या माणसाला दुखवलं. व्हय म्हाराजा! चूक माझी. व्हय म्हाराजा! आणि त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज कुणाचा, तर भिकाजीरावांचा! तोंडातून निघून गेल्यावर त्यांना कळलं, कान लालबुंद. येसूच्या डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू, पण हटली नाही. म्हणाली, पण मुक्याने संसार होत नाही देवा, रागवायचं तर माझ्याशी बोलून रागवावं.

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. भिकाजीराव तेवढे म्हणाले नाहीत. आणि मग ते एकटेच, सगळ्यांदेखत, व्ह... व्ह... व्हय. म्हाराजा राहूनच गेला. कुणी हसलं नाही. मी राक्षस, मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होतो.

सरजाने लगेच नाही पाठवली तिला. भिकाजीराव दर रविवारी येऊन बसायचे, सावकाश बोलायचे, येसू वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची, आणि मला जिन्यात काढलेलं असायचं. दिवाळीनंतर ट्रंक त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली.

आता त्यांना मुलगी आहे, पहाटेपासून तिची टकळी सुरू, बाप खूश. मी देवाचे पाय धरतो, आणि सरजाचे धरायला गेलो तर ती लाटणं उगारते. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, तुमचंही भलं होवो. तुमच्या घरात भांडणं झाली तर मोठ्याने होवोत, आणि तुमच्या भावाबहिणीवर वेळ आली तर तुम्हाला वेळीच चिमटा काढणारं कुणीतरी जवळ असो. बघता काय, म्हणा की, व्हय म्हाराजा!