राजीवचं तिकीट

डॅलसच्या हॉलबाहेर दोन रांगा होत्या. तिकीट नसलेल्यांच्या रांगेत उर्वी एकटीच आशेवर उभी होती. शेजारच्या रांगेत पांढऱ्या केसांचं एक जोडपं चक्क मराठीत बोलत होतं.

"अहो, ड्रमर नवा, गिटारवाले दोघं नवे. जुना एकटा गाणारा उरलाय. ह्याला तोच बँड कसं म्हणायचं?"

"अगं, नाव तेच आहे ना! ग्लासगोच्या हॉस्पिटलात नोकरीला होतो, तेव्हा त्या पबमध्ये पाच जण वाजवायचे."

"आणि ऐकायला आपण तिघं. तुम्ही, मी आणि राजीव."

"चौथा बारवाला. तोही कंटाळलेला."

"राजीवला त्यांचे स्कॉटिश उच्चार कळायचे नाहीत, मग गाताना त्या शब्दांच्या जागी भाज्यांची नावं घुसडायचा."

"तीही बेंबीच्या देठापासून ओरडून!"

"तो गेला, तरी त्याचं तिकीट कॅन्सल नाही केलंत?"

"मन झालं नाही गं. इतका जुना दोस्त."

"मग मधली जागा रिकामी ठेवायची?"

"ह्या बँडने कधी ठेवली? माणूस गेला की नवा उभा करतात, आणि वाजवतात."

बाई उर्वीकडे वळल्या.

"ए मुली, मघापासून हसतेयस. मराठी कळतं ना?"

"हो, काकू."

"तिकीट नाही वाटतं?"

"सोल्ड आउट आहे."

"मग हे घे, आणि आमच्या मधे उभी राहा. गाणी येतात?"

"सगळी पाठ आहेत!"

"मग पंचाईतच आहे. राजीवच्या जागेवर चुकीची म्हणावी लागतात."

उर्वी दोरीखालून वाकून पलीकडे आली.

"काकू, पहिल्या गाण्यात भेंडी की दोडका?"