घरातलं मोठं माणूस

…आणि वर मलाच विचारतात, घरात कुणी मोठं माणूस आहे की नाही? आहे की! समोर उभं आहे, पोट सुटलंय, केस गेलेत, आणखी काय पुरावा देऊ? तुम्हाला सांगतो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. ‘लहान मुलांसोबत मोठं माणूस असावं’ ही पाटी प्रत्येक लिफ्टमध्ये मी माझ्या हाताने चिकटवतो. आणि माझ्याच घरात बारा वर्षांची पोरगी त्या मोबाइलमध्ये एकटीच वरखाली करत होती, मला पत्ता नाही!

पोरगी म्हणजे आमची भिंगरी. त्या व्हिडिओंच्या ॲपवर तिला स्वतःचं खातं उघडता येत नाही, वय बसत नाही. नियमच आहे तसा, चांगला नियम आहे, माझी तक्रार नाही. पण ही शिरली कुणाच्या खात्यात? आईच्या! आमची बायको जाऊन दीड वर्ष झालं, फोन कपाटात, खातं मात्र तसंच चालू. शिवणकाम शिकवायची ती त्यावर… काजं कशी करायची, चेन कशी बसवायची. तर भिंगरी तोच फोन काढून आईच्या नावाने आत, कंपनीच्या लेखी वय बेचाळीस, अडवणार कोण?

नाहीच अडवलं कुणी. मग एकदा माझी बहीण आली, तिने भिंगरीच्या खांद्यावरून सहज डोकावलं आणि हातातला कप खाली ठेवला. कुणीतरी ‘नवी मैत्रीण’ लिहीत होती… शाळा कुठली, घरी कोण कोण असतं, एक फोटो पाठव ना, आईला सांगू नकोस हं. आईला सांगू नकोस! बहीण मला एवढंच म्हणाली, “दादा, तुझ्या घरात मोठं माणूस आहे की नाही?”

मग मी काय करावं? मोठं माणूस मीच ना घरातलं! गेलो तडक मोबाइलच्या दुकानात. दुकानदार माझ्या निम्म्या वयाचा, पण थाट असा की मीच त्याच्याकडे शिकायला आलोय. काका, काळजी सोडा म्हणे, लहान मूल वापरतंय अशी तक्रार टाकू, झटक्यात बंद. टाकली. झालं बंद. ती मैत्रीण, का मित्र, का कोण मेला असेल तो, त्याच्या तोंडावर दार बंद! शीळ घालत घरी आलो हो मी.

भिंगरी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, माझी सगळी वाक्यं तयार होती. ती नुसती म्हणाली, “बाबा, आईचा आवाज त्यातच होता.”

आता बोला.

आमच्या धंद्यात पहिला धडा काय असतो? मेन स्विच पाडण्याआधी हाक मारायची, आत कुणी आहे का? नवशिकासुद्धा मारतो. आणि मी… हाक न मारताच पाडला.

मग अटी ठरल्या. फोन बाहेरच्या खोलीत राहील, मेसेज बंद, अनोळखी कुणी आत नाही, आणि बघायचं ते दोघांनी मिळून. सगळं कबूल. पण उघडायचं कसं? खातं म्हणतंय, वय तपासायचंय, चेहरा दाखवा. दाखवला. उजेडात या. आलो. डावीकडे बघा. बघितलं. पापण्या मिटा, उघडा, मिटा… वधूपरीक्षेलासुद्धा एवढं बघत नसतील! आणि शेवटी काय लिहून आलं? ‘वय निश्चित करता आलं नाही. कृपया घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा.’

आम्ही दोघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. एकदमच. सवय हो, दुसरं काय.

कारण खरं सांगायचं तर, मोठं माणूस तीच होती. मी डब्याच्या झाकणाशी झटापट करतोय, फ्यूज शोधतोय, की मागून यायचं, “सरका.” एवढंच. पुढचं काम ती करायची आणि श्रेय मी घ्यायचो.

तर भिंगरीने कपाटातून आईचा चष्मा काढला, नाकावर चढवला, आणि मला म्हणाली, “सरका.” डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं… उघडलं! बेचाळीस वर्षांची धरली तिला! एवढी मोठी कंपनी, एवढं हुशार यंत्र, आणि एका चष्म्यापुढे गार. यांच्या भरवशावर म्हणे आमची पोरं सुरक्षित! मेसेज तिने माझ्यासमोर बंद केले, मी पुन्हा एकदा उघडून तपासले. मोठं माणूस मीच ना घरातलं.

मग पहिलाच व्हिडिओ लागला. बायको मशीनवर बसलीय, सुईत दोरा ओवतेय, शांतपणे समजावतेय. तेवढ्यात मागून एक बनियनवाला येतो आणि नेमका खिडकीसमोर उभा राहून टॉवेल शोधतो. कोण असणार? मीच. ती मानसुद्धा वर करत नाही. म्हणते, “अहो, सरका. उजेड अडतोय.”

आणि तुम्हाला सांगतो… सोफ्यावर बसल्या बसल्या मी सरकलो.