खुंटीवरची रोटी

गायिका नोदिराच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली म्हणून ताश्कंदला जलसा होता. तिकिटाच्या रांगेत मुहब्बत नावाच्या एका तरुणीच्या कानावर मागच्या दोघी म्हाताऱ्यांचं बोलणं पडलं.

“उगिलोय, पोटच्या पोरीचं गाणं ऐकायला तू तिकीट काढतेस?”

“घर सोडताना तिनं रोटीचा एकच घास दातानं तोडला होता. उरलेली खुंटीला टांगायची, परत येऊन तिनंच खायची, अशी आपली रीत ना? पहिली कॅसेट आली, पदक मिळालं, तरी रोटी खुंटीवरच.”

“मग?”

“टीव्हीवर नाचली, तेव्हा तिचा बाप चिडून म्हणाला, आता ती घरात नको, रोटी गाईला घाल. मीच घातली गं.”

“आणि पिशवीत ही कसली?”

“दुसरी. तीच जपलीय म्हणून दाखवायला वाळवलीय. घासही तोडलाय.”

“तुला तर कवळी आहे!”

“तेच ना. तिच्या दातांची खूण कुठून आणू?”