हार घातलेलं बॉनेट

माझा जन्म गावचा, मालवण तालुक्यातला, पण गाव मला फारसं आठवत नाही, कारण वडील गिरणीत होते आणि मी चार वर्षांची असताना आम्ही घाटकोपरला चाळीत आलो, तिथेच वाढले, तिथेच अकरावीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन मुलुंडला आले. पण गाव सुटत नाही हो आमचं. मुंबईत आमच्या गावचं मंडळ आहे, घाटकोपरला वर्षातून एकदा सत्यनारायण असतो, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या पोराला शाळेत घालायचं असलं, की मंडळ. आणि मंडळ म्हणजे दाजी सामंत, आमचे अध्यक्ष, माझ्या भावालाही त्यांनीच नोकरीला लावलं. ह्या माणसाचं नाव मी अजून शांतपणे घेऊ शकत नाही, तुम्ही लिहून घेताय म्हणून घेते.

आधी माझं कामाचं सांगते, म्हणजे तुम्हाला क्रम लागेल. मी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. सुरुवात नणंदेच्या बाळाच्या बारशापासून झाली, मग शेजारची मुंज, मग मुलुंडमधली सगळी डोहाळजेवणं. माझ्याबरोबर मंदा आहे, आमच्याच मजल्यावरची, हात असा चालतो तिचा की बघत राहावं. मला सगळं आखून करायची सवय, कुठलं पातेलं कधी चढणार, कोण काय निवडणार, आदल्या संध्याकाळी ठरलेलं असतं. मंदा म्हणते, वहिनी, तुम्ही मेल्यावर यमालासुद्धा थांबवाल, आधी हे उरकू दे म्हणाल.

तर पंधराएक वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका मोठ्या ऑफिसातनं बोलावणं आलं. दुपारचं जेवण रोज, सगळ्या स्टाफचं. तिथे कँटीन बघणारे एक साहेब होते, त्यांनी माझं जेवण कुठल्याशा लग्नात खाल्लेलं. ते म्हणाले, बाई, चवीचा प्रश्नच नाही, प्रश्न वेळेचा आहे, साडेबाराला गरम पाहिजे, तीन महिने बघू, जमलं तर कायमचं तुमचं. कायमचं! काय सांगू तुम्हाला, दुसऱ्यांच्या मुंजी-लग्नांची वाट बघत जगणाऱ्या बाईला कायमचं ह्या शब्दाचं काय वाटतं. मंदाचा नवरा तेव्हा घरीच बसून होता, म्हणजे ती ऑर्डर दोन घरांची होती.

पण मुलुंडहून अंधेरी. सुरुवातीला रोज रिक्षात पातेली घेऊन जायचो, एकदा आमटी मंदाच्या मांडीवर, एकदा रिक्षावाल्याच्या पाठीवर, तो भांडला ते वेगळंच. मग मी ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी घ्यायची, आणि चालवायची मीच. ह्यांना गाडीत पुढे बसायची भीती वाटते, चालवायची गोष्ट सोडाच. मी ड्रायव्हिंग क्लास लावला, साडी नेसून शिकले, पहिल्या फटक्यात लायसन्स. चाळीशी उलटल्यावर. बिल्डिंगमधले म्हणाले, आता सुमनताई विमान कधी घेताय? म्हटलं, घेईन, तुम्हाला मागे बसवीन आणि वरनं सोडीन.

दाजी दहिसरला राहायचे आणि जुन्या गाड्यांची घेण्या-देण्याची कामं करायचे. ह्यांनी आपल्या फंडातून पैसे काढले होते. हे म्हणाले, चेकनाक्याचा उस्मान मिस्त्री आपल्या ओळखीचा आहे, त्याला नेऊ बरोबर. बरोबरच होतं ते, माझ्याही मनात तेच. मी दाजींना निरोप दिला, मिस्त्रीला घेऊन येतो. तर त्यांचा उलट निरोप, वयनी, मिस्त्रीक घेवन येतलास? माझ्याकडे? आपल्या गावच्या माणसावर भरवसो नाय तर मगे कोणावर ठेवतलास? आता तुम्ही सांगा, ज्या माणसानं माझ्या भावाला नोकरीला लावलं त्याच्या दारात मिस्त्री घेऊन उभं राहायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं. नाही नेला उस्मानला.

आम्ही पोचलो तर गाडी सजवून उभी. त्या काळी रस्त्यावर गाड्या दोनच, एक फुगीर आणि एक चौकोनी, ही चौकोनी, पांढरी, धुऊनपुसून लख्ख. बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक, आणि झेंडूचा हा जाडजूड हार, वायपरपासून खाली बंपरपर्यंत ताणून दोन्हीकडे गाठी मारलेला. दाजी म्हणाले, तुमच्यासाठी पूजासुद्धा करून ठेवलंय, आपल्या गावच्या रवळनाथाची शपथ घेवन सांगतंय, गाडी एकदम बरी आसा. इंजिन आधीच चालू करून ठेवलेलं. मी एक चक्कर मारली, गाडी छान पळाली. पण आता हार घातलेलं बॉनेट कोण उघडणार? तुम्ही उघडाल? देवाचा हार तोडायचा, तो ज्यानं पूजा केली त्याच्या समोर?

आणि घरी आणल्यावर सासूबाई. क्लासमध्ये मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं, रोज सकाळी बॉनेट उघडायचं, ऑइल बघायचं, पाणी बघायचं. मी गेले उघडायला तर सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, हात लावू नकोस, हार सुकून आपोआप गळेपर्यंत काढायचा नाही, अपशकुन होतो. आमच्याकडे आहे तशी रीत, माझ्या आईकडेही होती. झेंडू तो, सुकायला किती वेळ लावतो तुम्हाला ठाऊक आहे. मी बॉनेट न उघडता गाडी चालवली. आणि दाजी सामंतला हे बरोब्बर ठाऊक होतं. माझा राग इथे आहे. गाडी जुनी निघाली ह्याचा नाही, जुनी म्हणूनच घेतली होती. त्यानं माझ्या देवाचं कुलूप केलं आणि माझ्याच दाराला लावलं.

दुसऱ्याच आठवड्यात, पवईच्या चढावर. मागे सीटवर मंदा दोन पातेल्यांना मिठी मारून, डिकीत भात. आधी आतून हातोडी मारल्यासारखा आवाज, मंदा म्हणाली, वहिनी, चाकाखाली काही आलं का? तेवढ्यात असा धडाका झाला की मला वाटलं मागून ट्रकनं ठोकलं. गाडी जागेवर मेली. खाली उतरून बघते तर रस्त्यावर काळं ऑइल वाहतंय आणि हारातनं धूर. तो हार, सांगते, तेव्हाही हिरवाच होता देठाला. मी दोन्ही हातांनी ओढून तोडला आणि गटारात फेकला, येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

पण रडायला वेळ नव्हता. दोन रिक्षा थांबवल्या, एकीत मंदा आणि भाजी-आमटी, दुसरीत मी आणि भात, गाडी तिथेच सोडली. पोचेपर्यंत अर्धा स्टाफ बाहेर वडापाव खाऊन आलेला. साहेब दारात. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, बाई, महिनाअखेरपर्यंत बघतो, पुन्हा असं झालं तर मला दुसरं कोणी बघावं लागेल. मंदा परत येताना रिकामं पातेलं मांडीवर घेऊन महिनाअखेरचे दिवस बोटांवर मोजत होती. तिचा तो चेहरा मला दाजीच्या तोंडावर नेऊन आपटायचा होता.

उस्माननं गाडी ओढून आणून खोलली. आतला रॉड तुटून इंजिनाला भोक पाडून बाहेर आलेला, मूठ जाईल एवढं. त्यानं उरलेलं ऑइल बोटावर घेऊन दाखवलं, काकवीसारखं दाट. म्हणाला, भाभी, ये इंजन का तेल नहीं है, आवाज दबाने को डालते हैं, बॉनेट खोलके देखा नहीं था क्या? मी म्हटलं, हार था. तो हसायला लागला. मी त्याच्यावरही ओरडले. म्हटलं, हसायचं काम नाही, गॅरेजमध्ये तुझ्या लिंबू-मिरची टांगलीय ती काढ आधी, मग हस. बिचारा पुन्हा इंजिनात वाकला, त्याचा काय दोष होता, पण तोच समोर होता.

पुन्हा रोजच्या रिक्षा सुरू झाल्या, आणि मग आला सत्यनारायण. महाप्रसादाचा शिरा दरवर्षी माझ्या हातचा, सेवा म्हणून. हे म्हणाले, तिथे काही बोलू नकोस, चारचौघांत बरं दिसत नाही. मी शिरा केला, नैवेद्य दाखवू दिला, आरती होऊ दिली, आणि सगळे पानांवर बसले तेव्हा मध्ये उभी राहून विचारलं, दाजी, रवळनाथाची शपथ घेतलीत, आता ह्या सगळ्यांसमोर सांगा, इंजिनात कसलं ऑइल ओतलं होतंत? त्यांनी हातातला घास खाल्ला, सावकाश, आणि हसून म्हणाले, वयनी, जुनी गाडी ती, कधी बंद पडात सांगाक येता काय? मशीन आसा ता. माणसं हसली! पानावर बसलेली माझी माणसं. एक म्हातारे म्हणाले, अगो, घरातली गोष्ट घरात. मी म्हटलं, हे घरच आहे ना तुमचं, मग इथे नाही तर कुठे बोलू? तर सेक्रेटरी म्हणे, वहिनी, प्रसादाच्या वेळेला नको. आणि ह्यांनी माझा हात धरून मला बाजूला नेलं. ते मी ह्यांनाही अजून माफ केलेलं नाही, त्यांना माहीत आहे.

पण खरी गंमत पुढे. मागे भांडी घासायच्या जागी एक काकू माझ्याजवळ आली आणि कानात म्हणते, सुमन, आमच्या भावोजींच्या गाडयेकपण असोच हार होतो गो. दुसरी म्हणाली, होय, नालासोपाऱ्याच्या वामनाच्या गाडीलाही. म्हणजे ह्या बायकांना माहीत होतं. पानावर हसलेल्या माणसांना माहीत होतं. म्हटलं, मग आत्ता तिथे बोलला का नाहीत? तर म्हणे, आपलो माणूस ना गो, कसा बोलतलंव. मी हातातली कढई तिथेच ठेवली, न घासता, आणि घरी आले.

रात्रभर डोकं चालू होतं, पण दाजीचं नाही, ऑर्डरीचं. सकाळी उठून अंधेरीला गेले, साहेबांसमोर बसले. म्हटलं, साहेब, जेवण मुलुंडहून आणायचंच कशाला? तुमच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे, नळ आहे, मोडक्या खुर्च्या भरल्यात. ती मला द्या, साफ मी करते, शेगड्या माझ्या, साडेबाराच्या ठोक्याला तव्यावरची चपाती पानात. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, हे आधी का नाही सुचलं तुम्हाला? म्हटलं, गाडी चालत होती म्हणून.

गाडी भंगारात गेली. शेड ती हीच, जिथे तुम्ही बसलाय. मंदा आणि मी पहाटेच्या बसनं येतो, मंदाचा नवरा बाजार बघतो, ऑर्डर कायमची झाली. लोक म्हणतात, बघ, झालं ते बऱ्यासाठीच. हे वाक्य कोणी बोललं की माझं डोकं फिरतं. हे मी केलं, मंदानं केलं, त्या माणसाच्या लबाडीला ह्याचं श्रेय का देऊ?

गेल्या महिन्यात दाजी स्वतः इथे आले होते. थकलेत आता, काठी लागते. दारात उभे राहून म्हणाले, वयनी, झाला गेला इसरान जावा, यंदा शिरो करूक येवा, मंडळ तुमची वाट बघता. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हटलं, येते, पण जिथे मला गप्प बसवलंत तिथे, पानं वाढलेली असताना, उभं राहून सांगा, मी फसवलं म्हणून. ते पाणी प्यायले, काठी उचलली आणि गेले. तोही बोलणार नाही, मीही जाणार नाही, म्हणजे माझ्यापुरतं मंडळ संपलं. भाऊ येत नाही माझ्याकडे त्यामुळे, चालेल. राग आहे तो आहे, मी काही तो लपवून ठेवत नाही, उघड्यावर ठेवलाय.

चला, तुम्हाला उशीर होईल. पण पान मांडलंय, दोन घास खाऊन जा. तुमचं चांगलं होवो, आणि कधी आपल्या माणसाकडून काही घेतलंत, तर आधी उघडून बघा, तो रागावला तरी.