दाताकडची बाजू

विक्रांत : बसवून द्या मॅडम, आत्ताच्या आत्ता. उद्या सकाळी नऊला ट्रायल आहे माझी.

रोहिणी : आधी खुर्चीत बस. दाताची कॅप कुठंय?

विक्रांत : ही घ्या, रुमालात बांधून आणलीय. सकाळी रियाजाला बसलो, क्लॅरिनेट तोंडाला लावलं, वरचा सूर धरला आणि ही सुटून थेट जिभेवर.

रोहिणी : म्हणजे तिसऱ्यांदा.

विक्रांत : पहिल्यांदा वीस दिवस. मग बारा. आता पाच. तुम्ही तर म्हणाला होता, दहा वर्षं बघायला नको.

रोहिणी : म्हणाले होते.

विक्रांत : मग? मी काय दगड चावतो का? समोरच्या दातानं मी भाकरीसुद्धा तोडत नाही. सुरी घेऊन बसतो जेवायला, चाळीतली पोरं हसतात.

रोहिणी : विक्रांत, मी तुला दोष देतच नाहीये. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मी स्वतःलाच दोष दिला. सिमेंटची नवी ट्यूब मागवली. जुनी उन्हात खराब झाली असेल म्हणून फेकली. दात कोरडा ठेवायला रबर लावलं, थुंकीचा थेंब येऊ दिला नाही. तरी पाच दिवस!

विक्रांत : मग सिमेंटच भंगार असेल.

रोहिणी : याच सिमेंटवर बदलापूरच्या एका आजोबांची कॅप सात वर्षं आहे. आणि तोंड काय सोपी जागा आहे का? वरून गरम चहा, मागून गार पाणी, चोवीस तास ओल, दिवसभर दाताचे घाव. भिंतीला एवढं सोसायला लावलं तर तीही फुगेल. हे सिमेंट टिकतं, कारण ते दाताच्या अंगात शिरून घट्ट होतं. थांब जरा, दिवा खाली घेऊ दे. कॅप आतून बघते.

विक्रांत : काय दिसतंय?

रोहिणी : सगळं सिमेंट कॅपलाच राहिलंय. कॅपकडून दगडासारखं झालंय. आणि दाताकडची बाजू... अरे, नख रुततंय यात. पाच दिवसांनी अजून कच्चं? आ कर. मोठा.

विक्रांत : आ...

रोहिणी : लवंग खाल्लीस?

विक्रांत : येताना तोंडात धरली. दर वेळी धरतो. आई देते. म्हणते, डॉक्टरबाईंसमोर तोंड उघडायचं, वास नको यायला.

रोहिणी : आणि या तुटक्या दातावर काय लावतोस?

विक्रांत : लवंगेच्या तेलाचा बोळा. कॅप पडली की हवा लागते, डोक्यापर्यंत कळ जाते ना मॅडम. रात्री आई बोळा दाबते तेव्हा कुठं झोप लागते.

रोहिणी : कधीपासून चाललंय हे?

विक्रांत : एप्रिलपासून. जयंतीच्या मिरवणुकीत मी वाजवत होतो, नाचणाऱ्याचं कोपर क्लॅरिनेटला बसलं आणि दात अर्धा गेला. त्याच रात्रीपासून.

रोहिणी : मला कधी बोलला नाहीस.

विक्रांत : लवंग काय सांगायची गोष्ट आहे का?

रोहिणी : नाही. खरंय तुझं. मी तंबाखू विचारली, सुपारी विचारली. लवंग विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही.

विक्रांत : लवंगेनं काय होतं?

रोहिणी : लवंगेचं तेल या सिमेंटला घट्टच होऊ देत नाही. तुझा दात चार महिने तेल पितोय. मी वरून कितीही पुसलं तरी आत मुरलेलं राहतं. कॅपकडून पक्कं, दाताकडून लिबलिबीत. तू जोर लावलास की सुटतं.

विक्रांत : मग आज घासून काढा सगळं.

रोहिणी : घासीन. पण जे मुरलंय ते आज निघणार नाही. तेल बंद करून दोन आठवडे जाऊ द्यायला हवेत.

विक्रांत : दोन आठवडे? मॅडम, उद्या नऊला आहे ट्रायल! पोलीस बँडची. यंदा माझं भरतीचं वय संपतंय, पुढच्या वर्षी मला फॉर्मसुद्धा भरता येणार नाही. आनंदनगरच्या कंपनीत दिवसभर खोकी पॅक करायची आणि रात्री उशीत क्लॅरिनेट खुपसून वाजवायचं, शेजारी ओरडतात म्हणून. दोन वर्षं केलंय हे. आई! ए आई, आत ये!

भागीरथी : जय भीम, डॉक्टरबाई. काय झालं? लय ओरडतोय हा.

रोहिणी : जय भीम, मावशी. बसा तुम्ही.

विक्रांत : बसू नको. ऐक. तुझ्या लवंगेनं घालवलं सगळं. तीनदा कॅप पडली ती तुझ्यामुळं.

भागीरथी : माझ्यामुळं?

रोहिणी : विक्रांत, आवाज खाली. मावशी, लवंगेचं तेल दुखण्याला चांगलंच असतं. फक्त या सिमेंटचं आणि त्याचं जमत नाही. तुम्हाला कसं कळणार होतं?

भागीरथी : झोपेत कण्हायचा हो हा. मी बोळा धरून बसायची, कण्हणं थांबेपर्यंत. बरं करायला गेले अन् झालं भलतंच. माझ्या हातानंच झालं.

विक्रांत : आता रडू नको. मॅडम, दुसरं काही असेल ना? फेविक्विक? कंपनीत लोखंडाला लोखंड चिकटवतात, ते?

रोहिणी : तोंडात असलं काही घालायचं नाही, आधीच सांगते. एक जुन्या पद्धतीचं सिमेंट आहे, त्याला लवंग चालते. पण ते नुसतं धरतं, चिकटत नाही. दात लांब असता तर धरलं असतं. तुझा एवढासाच उरलाय.

विक्रांत : पाच मिनिटं धरेल ना? पाचच मिनिटं वाजवायचंय.

रोहिणी : धरेल किंवा नाही धरणार. मध्येच सुटली तर? तू सूर संपवून जोरात श्वास ओढणार. कॅप श्वासनळीत गेली तर मैदानावर काय करशील?

विक्रांत : जाऊ दे गेली तर.

भागीरथी : विकी!

विक्रांत : तुला कळत नाही आई. हातातोंडाशी आलाय घास.

रोहिणी : मी नाही बसवणार. माझ्यावर चीड, दुसऱ्या डॉक्टरकडं जा, पण मी नाही.

विक्रांत : मग दात सुन्न करून द्या. कॅपशिवाय वाजवतो.

रोहिणी : सुई दिली की वरचा ओठही सुन्न होईल. वाजवणार कशानं?

विक्रांत : म्हणजे सगळे दरवाजे बंद. बरोबर? बोला ना मॅडम, बंद ना?

भागीरथी : तुझ्या बाबांचे समोरचे दात पडले होते तेव्हा ते काय करायचे?

विक्रांत : बाबांचं काय आता मध्येच?

भागीरथी : कॅम्प एक वस्तीतल्या बँडमध्ये होते ना. दात गेल्यावर दोन सीझन वाजवलं त्यांनी. वरचा ओठ असा आत दुमडायचे, दातांवरून. खालचा दुमडतोस तसाच वरचा. पहिले आठ दिवस रक्त यायचं, मग नाय आलं.

विक्रांत : त्यांना आठ दिवस होते. मला उद्या आहे.

रोहिणी : थांब. ओठ मध्ये आला तर दाताला हवा लागणार नाही. नळीचा भार शेजारच्या दातांवर जाईल. मी तुटलेली कड गुळगुळीत करून देते, वर एक पातळ लेप लावते, कळ थोडी कमी होईल. आज-उद्या टिकला तरी पुष्कळ. क्लॅरिनेट आणलंयस?

विक्रांत : बाहेर पिशवीत आहे. पण मॅडम, चार वर्षांची सवय मोडून एका रात्रीत...

रोहिणी : मला वाजवण्यातलं कळत नाही. मला फक्त एवढं कळतं की यात तुझा जीव जाणार नाही. आ कर. दुखलं तर हात वर कर.

विक्रांत : आई गं...

रोहिणी : झालं. झालं. चूळ भर. मावशी, ते वाद्य द्या त्याला.

भागीरथी : घे. वरचा ओठ आत. अजून. हां, आता फुंक.

(दोन सूर नीट लागतात. तिसरा फाटतो.)

रोहिणी : दुखतंय?

विक्रांत : शेजारच्या दाताची कड ओठ कापतेय. ऐकलं ना? वर गेलो की फाटतोय. उद्या तिथं सत्तर जण असतील, सगळे तोंडात बत्तीस दात घेऊन आलेले. हे ऐकून मला बाहेर काढतील.

भागीरथी : परत वाजव.

विक्रांत : आवाज फाटतोय गं आई!

भागीरथी : मला फाटलेला चालतो.

विक्रांत : त्यांना नाही चालणार.

भागीरथी : मग त्यांच्यासाठी परत वाजव.